बहिणीचं हक्कसोडपत्र: वारस नोंद कुठे संपते, हक्क सोडणं कुठे सुरू होतं

गटनंबर

वडील गेले, तेरावं उरकलं, की महिन्या-दोन महिन्यांत बहिणींना निरोप जातो. "वारस नोंद करायचीय, तालुक्याला ये, येताना आधार आण." सगळ्या बहिणी एका गाडीतून येतात, सह्या-अंगठे होतात, हॉटेलात जेवण होतं, साडीचोळी होते, संध्याकाळी त्या आपापल्या घरी परत जातात. त्या दिवशी नेमकं काय झालं हे अनेकींना कित्येक वर्षांनी कळतं. रस्त्यासाठी जमीन जाते, मोबदल्याची नोटीस निघते आणि तिच्यात आपलं नाव नसतं, तेव्हा.

वारस नोंद आणि हक्कसोड ही दोन निरनिराळी कामं आहेत आणि बोलताना ती सर्रास एकत्र केली जातात, म्हणून हा धागा.

वारस नोंद हे महसूल खात्याचं काम. ते गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे परवापर्यंत ज्यांना तलाठी म्हणत त्यांच्याकडे होतं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, ८अ चा, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, रेशन कार्ड, आधार एवढ्यावर अर्ज होतो. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही होतो. आधी गाव नमुना ६क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत नोंद होते, चौकशी होते, मग नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद पडते. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि नावं सातबारावर चढतात. या सगळ्यात कोणीही काही सोडत नाही. उलट ज्यांना हक्क मिळाला त्यांची नुसती यादी तयार होते.

हक्कसोडपत्र हा स्वतःचा हिस्सा सहहिस्सेदाराला सोडून देण्याचा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जाणारा दस्त. तिथे वेबकॅमसमोर फोटो काढतात, यंत्रावर अंगठा घेतात, ओळख पटवायला दोन माणसं लागतात, शेवटी सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा कागद मिळतो.

म्हणून अगदी ढोबळ खूण लक्षात ठेवा. "वारस नोंद आहे" असं सांगून नेलं आणि तिथे कॅमेऱ्यासमोर बसवून अंगठा घेतला जातोय, तर ती वारस नोंद नाही. तिथेच थांबायचं आणि दस्त वाचायला मागायचा.

---

चावडीवाचन

धागा काढलात ते बरं केलं. यात एक तिसरा प्रकारही आहे, त्यात हक्कसोडपत्रसुद्धा होत नाही आणि तरी बहिणीचं नाव लागत नाही.

जुने सातबारे काढून पाहा. थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." अशी अक्षरं दिसतील. एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेल्यावर कुटुंबाच्या वतीने त्याचं एकट्याचं नाव लावायची ही पद्धत. बाकीच्यांचा हक्क गेलेला नसतो, पण पुढे दोन पिढ्यांत ती तीन अक्षरं गळून पडतात आणि नुसतं नाव उरतं. दुसरी तऱ्हा म्हणजे भावांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, आणि आई-बहिणींची नावं उजवीकडे "इतर हक्क" या रकान्यात. त्या रकान्यात खरं तर सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाची नोंद असल्या गोष्टी असतात. बहीण वारस असेल तर तिची जागा भावाशेजारी, कब्जेदार सदरी. ती बोजा नाही.

दोन्ही नोंदी दुरुस्त होतात. जुना फेरफार क्रमांक सातबारावरच असतो. त्याची नक्कल काढायची, त्यात वारस म्हणून कोणाकोणाची नावं होती ते पाहायचं आणि त्या आधारावर तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा. मूळ फेरफारात बहिणींची नावं आहेत आणि सातबारावर उतरवताना गळली, तर काम सोपं, कारण ती लेखनातली चूक ठरते आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. मूळ फेरफारातच नावं नसतील तर मात्र उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, आणि उशीर का झाला याचा खुलासा सोबत.

२०२५ साली राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावली गेली. त्या मोहिमेत आपल्या माहेरच्या गटांवर काय नोंद झाली हे प्रत्येकीने एकदा पाहावंच. गाव आणि गट नंबर माहीत असला की महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा दिसतो, आणि चालू फेरफारांच्या नोटिसा "आपली चावडी"वर दिसतात.

---

तिफण

हिस्सा नेमका किती, हे कोणी आकड्यांत सांगेल का? "आता मुलींना समान हक्क आहे" एवढंच ऐकू येतं. शिवाय "तुझं लग्न १९९४ च्या आधीचं, तुला नाही" हे वाक्य अजूनही बैठकीत सांगितलं जातं.

---

सूची_दोन

आकड्यांतच घेऊ. वडिलोपार्जित चार एकर, म्हणजे १६० गुंठे. घरात वडील, आई, दोन मुलगे, दोन मुली. वडील मृत्युपत्र न करता गेले.

जुना हिशेब असा. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला आला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना राहिला. वडील जिवंत असताना वाटप झालं असतं तर काय झालं असतं असं धरायचं. आपल्याकडे आईलाही त्या वाटपात मुलाइतका हिस्सा मिळतो, म्हणून वडील, आई, दोन मुलगे असे चार हिस्से, प्रत्येकी ४० गुंठे. मग वडिलांचे ४० गुंठे आई, दोन मुलगे, दोन मुली अशा पाच वारसांत, प्रत्येकी ८. म्हणजे मुलगा ४८ गुंठे, आई ४८, मुलगी ८. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गुरुपाद विरुद्ध हिराबाई या निकालात विधवेचा हिस्सा याच पद्धतीने काढला होता.

आजचा हिशेब: मुलीही जन्मतः हिस्सेदार. सहा हिस्से, प्रत्येकी २६ गुंठ्यांच्या थोडं वर. वडिलांचा सहावा हिस्सा पुन्हा पाच जणांत. बेरीज केली की प्रत्येकाला बरोबर ३२ गुंठे. आईला ३२, मुलाला ३२, मुलीला ३२.

८ गुंठ्यांचे ३२ झाले. साडीचोळीचा जुना व्यवहार ८ गुंठ्यांच्या काळात रुळला. जमीन चौपट झाली तरी तो तसाच चालू आहे.

आता लग्नाच्या तारखेचं. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून स्वतःची दुरुस्ती करून मुलींना हिस्सेदार केलं, तेव्हा त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. बैठकीत जे वाक्य फिरतं ते तिथलं. पण ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अट नाही. पुढे वाद पडला की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला जिवंत असण्याची गरज नाही.

अपवाद एवढाच की २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप आणि त्याआधी झालेली विक्री उघडता येत नाही. "आमचं तोंडी वाटप ऐंशी साली झालं होतं" हे नुसतं म्हणून चालत नाही. ते मान्य व्हायला तेव्हाचे सरकारी कागद लागतात आणि तेही अपवाद म्हणूनच.

हे सगळं हिंदू वारसा कायद्याखालच्या कुटुंबांपुरतं. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे.

---

ओलिता

सूची_दोन, यात एक भर घाला. मिळकत वडिलांनी स्वतः कमावलेली असेल तर ते मृत्युपत्राने ती कोणालाही देऊ शकतात, मुलीला काहीही न देता. वडिलोपार्जितमधलाही त्यांचा स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: ही जमीन वडिलांकडे आली कशी? आजोबांकडून वारसाने, की खरेदीखताने? फेरफार मागे मागे वाचत गेलं की उत्तर सापडतं. मृत्युपत्र नसेल तर मात्र दोन्ही प्रकारांत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच.

---

रानवाट

कायदा स्पष्ट आहे हे मान्य. पण गावात प्रश्न कायद्याचा नसतोच. "हक्क मागितला तर माहेर तुटतं" हा असतो. दिवाळीला, राखीला जायचं कुठे? आणि भावाचंही एक म्हणणं असतं: आई-वडिलांचं दुखणंखुपणं मी काढलं, तुझ्या लग्नाचा खर्च झाला, जमीन मी कसली. हे म्हणणं अगदीच झटकून टाकण्यासारखं आहे का?

---

गटनंबर

झटकू नये, एकेक मुद्दा तपासून पाहावा.

लग्नाचा खर्च. हिश्शातून लग्नाचा खर्च वजा होतो असं कायद्यात कुठेही नाही. आणि खर्च मुलाच्या लग्नालाही होतो, तो त्याच्या हिश्शातून कोणी वजा करत नाही. दागिने दिले असतील तर ते तिचं स्त्रीधन, जमिनीचा मोबदला नव्हे.

सांभाळ. आई-वडिलांचा सांभाळ ही २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांचीही जबाबदारी आहे. बहीण हिस्सा घेत असेल तर तिने ही जबाबदारी बोलण्यात आणि पैशात उचलायलाच हवी, यात दुमत नको. आईचं औषध, तपासण्या, मदतनीस बाई यांचा महिन्याचा हिशेब मांडून वाटून घ्या. पण भाऊ जेव्हा "मी सांभाळलं" म्हणतो तेव्हा एक प्रश्न विचारावा: अंथरुणावरच्या सासऱ्यांचं कोणी केलं? बहुतेक घरांत सुनेने. पथ्याचं जेवण तिने केलं, चादरी तिने धुतल्या, रात्रीची ती उठली. नवरा हयात असेपर्यंत सासऱ्याच्या मिळकतीत तिला काहीच नाही. तिच्या कष्टाच्या नावाने ननंदेचा हिस्सा मागितला जातो आणि तो चढतो तिच्या नवऱ्याच्या नावावर. तीच वहिनी स्वतःच्या माहेरी सही करून आलेली असते.

वडिलांना खरोखर वाटत असेल की सांभाळणाऱ्याला जास्त मिळावं, तर त्यांनी हयातीत मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदार घ्यावेत आणि ते शक्यतो नोंदवावं. ते मेल्यावर बहिणींच्या सह्यांनी तो न्याय करत बसणं म्हणजे त्यांच्या न झालेल्या निर्णयाचा भार मुलींवर टाकणं.

कसण्याचं. जमीन भाऊ कसतोय, त्याचं घर त्यावर चालतं, हे सगळ्यांत खरं कारण आहे. त्याला उत्तर हक्कसोड नव्हे. नाव सामायिक ठेवून वहिवाट भावाकडे ठेवता येते. बहिणीचं नाव सातबारावर असल्याने भावाचं एक पोतंही कमी होत नाही. पीककर्जाला तिची संमती लागेल, विकायला तिची सही लागेल. हीच तर हिस्सेदार असण्याची किंमत आहे आणि ती थोरला-धाकटा भाऊ एकमेकांबाबत निमूट मोजतात.

---

बांधकोपरा

"जमीन दुसऱ्या घरात जाईल" ही भीतीही बोलून दाखवली जाते, तिचं नेमकं उत्तर द्यावं. बहीण मृत्युपत्र न करता गेली तर आई-वडिलांकडून आलेली जमीन तिच्या मुलांना जाते, आणि त्यांच्याबरोबर नवऱ्यालाही हिस्सा मिळतो. पण तिला मूलबाळ नसेल, आणि आधी गेलेल्या मुला-मुलीची मुलंही नसतील, तर ती जमीन नवऱ्याला मिळत नाही, वडिलांच्या वारसांकडे परत येते. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ पोटकलम २.

आणि तिला हिस्सा विकायचाच असेल तर कलम २२ पाहा. बरोबरीने वारसा मिळालेल्या भावा-बहिणींना तो आधी घेण्याचा हक्क आहे. हे कलम शेतजमिनीलाही लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे तिऱ्हाईत माणूस बांधावर येऊन उभा राहील ही भीती असेल तर भावाने आधी किंमत द्यावी, बहिणीने त्याला आधी विचारावं.

---

तिफण

आता समजा बहिणीला खरंच हक्क सोडायचा आहे. मनापासून. दोन भाऊ कोरडवाहूवर आहेत, तिचं बरं चाललंय. तर दस्तात काय पाहायचं?

---

सूची_दोन

तिचा तो अधिकार आहे, आणि मनापासून सोडणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत. तरीही दस्त शब्दन् शब्द वाचायचा. चुका ठरलेल्या ठिकाणी होतात, तेवढ्या सांगतो.

मिळकतीचं परिशिष्ट. दस्ताच्या शेवटी गट नंबर, क्षेत्र, आकार (शेतसारा), चतुःसीमा यांचा तक्ता असतो. तिथे "व वडिलांच्या नावे असलेल्या इतर सर्व स्थावर-जंगम मिळकती" असं एक वाक्य जोडलेलं असतं. बहिणीच्या डोक्यात गावची दोन एकर असतात आणि या एका वाक्याने तालुक्यातला प्लॉट, गावठाणातलं घर, बँकेतली ठेव सगळं जातं. ते वाक्य काढायला लावा. सोडायचे तेवढेच गट, क्षेत्रासह.

कोणाच्या लाभात. दोन भाऊ असतील तर नावं आणि हिस्से स्पष्ट लिहा. "भावांच्या लाभात" एवढं मोघम राहिलं आणि एकच भाऊ दस्तात हजर असला तर पुढे त्या दोघांतच वाद लागतो. हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच लाभात होतो. वहिनी किंवा भाचा यांना द्यायचं तर ते बक्षीसपत्र, त्याचं मुद्रांक शुल्क बाजारमूल्यावर.

आईच्या लाभात सोडणं हा पर्याय फार कोणी सांगत नाही. आई हयात असेल तर आधी तो विचारात घ्या. म्हातारपणी तिच्या नावावर जमीन असणं आणि नसणं यात तिच्या बोलण्याला घरात किती वजन राहतं याचा फरक आहे.

मोबदला. दस्तात छापील वाक्य असतं: "कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने." तोंडी ठरलेलं असतं की भाऊ तीन लाख देणार, दिवाळीपर्यंत. पुढे पैसे आले नाहीत तर दस्तच तिच्याविरुद्ध पुरावा. पैसे ठरले असतील तर रक्कम, तारीख, चेक किंवा खात्यावरचा व्यवहार क्रमांक दस्तात लिहायचा. मुद्रांकाचा हिशेब त्याने बदलतो का ते लेखनिकाला न विचारता दुय्यम निबंधक कार्यालयात विचारायचं.

वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क काही शे रुपयांतच बसतं. कागद इतका स्वस्त असल्यामुळे काम किरकोळ वाटतं. त्या काही शे रुपयांच्या कागदाने ३२ गुंठे जातात.

शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर लिहून नोटरी केलेला कागद हा नोंदणीकृत हक्कसोड नव्हे. त्यावर फेरफार होऊ नये. झाला असेल तर हरकत घेण्यासारखी आहे.

एकदा नोंदला की मात्र दस्त परत फिरत नाही. फसवून किंवा दबाव आणून घेतला असेल तर दिवाणी कोर्टात रद्द करून मागावा लागतो. मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं, आणि सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर. फोटोत ती स्वतः बसलेली असते, त्यामुळे सोपं नसतं.

---

गटनंबर

याला जोडून माझं ठाम मत: वारस नोंद आणि हक्कसोड एकाच फेरीत करू नये. आधी सगळ्यांची नावं लागू द्या. सातबारा हातात घ्या, त्यावर स्वतःचं नाव वाचा. मग किमान वर्षश्राद्धापर्यंत थांबा. तेराव्याच्या आसपास माणूस हळवा असतो, "कशाला हवं मला काही" हे शब्द तेव्हा खरेच असतात. वर्षाने तेच वाटत असेल तर खुशाल सही करावी.

"एकाच खेपेत काम होतं, परत परत खर्च कशाला" म्हणणाऱ्याला सांगावं की वारस नोंदीला काहीच खर्च नाही आणि बहिणींनी तिथे खेटे घालायची गरज नाही.

---

मांडवीकाठ

गोव्यातून भर घालतो, कारण सावंतवाडी-बेळगावकडच्या अनेकींची लग्नं इकडे होतात आणि दोन्हीकडचे नियम एक समजले जातात.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो, वारशाचा भाग आता २०१२ च्या कायद्यात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, अर्धी-अर्धी. मुलगा-मुलगी समान. आणि मुलं असतील तर आई-वडिलांना आपली अर्धीच मालमत्ता मृत्युपत्राने हवी तशी देता येते, उरलेली अर्धी मुलांची राखीव, तिला लेजितिमा म्हणतात. मुलीला पूर्ण वगळणं कागदावर जवळपास अशक्य.

तरीही इकडेही बहिणी हक्क सोडतात. फरक एवढा की सामायिक मालमत्तेमुळे नवऱ्याची संमतीही लागते. महाराष्ट्रात जी सही एकटीकडून घेतली जाते ती इकडे दोघांकडून. त्यामुळे कधी बहिणीला आधार मिळतो, कधी तिचा निर्णय नवऱ्याच्या हातात जातो. दोन्ही होतं.

---

बांधकोपरा

हिस्सा घ्यायचा ठरला तर प्रत्यक्ष वाटपात काय बिघडतं तेही यायला हवं.

तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, २०२३ पासून साधारण जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे आहे. सूची_दोन यांच्या उदाहरणात ३२ गुंठे येतात, जमतं. एकच एकर असेल तर पाचांत ८-८ गुंठे, ते वेगळे पाडता येत नाहीत. पण म्हणून हक्क जात नाही. नाव सामायिक राहतं, हिस्सा राहतो, फक्त वेगळा तुकडा पडत नाही. "तुकडा पडत नाही म्हणून तुझं नाव लागत नाही" असं सांगितलं जातं, ते चूक.

सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटप होतं. वाद असेल तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. आणि जमीन हातात येताना घोटाळा होतो तो पाण्याचा. क्षेत्र बरोबर ३२ गुंठे दिलं जातं, पण माळाच्या टोकाचं. विहीर, बोअर, वीजजोडणी, पाणंदीकडचं तोंड भावाच्या तुकड्यात. मग ते ३२ गुंठे ना कसता येतात ना कोणी खंडाने घेतं, आणि पाच वर्षांनी ते पडीक म्हणून भावालाच पडत्या भावात द्यावे लागतात.

म्हणून वाटपपत्रात लिहायचं: विहीर गट अमुक, हिस्सा १/५, पाण्याची पाळी आठवड्यातून कोणता वार आणि किती तास, पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाणार, रस्ता कोणत्या बाजूने आणि किती फूट. पाळीची नोंद सातबाराच्या इतर हक्कात करून घ्यायची. इतर हक्काचा रकाना यासाठी आहे.

कर्जही पाहा. सोसायटीचा, बँकेचा बोजा सातबारावर असतो. वडिलांचं कर्ज वारसांवर त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरतं येतं. हिस्सा घेणाऱ्या बहिणीने आपल्या वाट्याचं कर्जही घ्यायला हवं. नुसतं क्षेत्र मोजून बसू नये.

---

चावडीवाचन

आणखी एक व्यवहाराची बाजू. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे. माहेरच्या सातबारावर नाव असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा बाईच्या स्वतःच्या नावाने हाताशी राहतो. उद्या तिला दुसरीकडे अर्धा एकर घ्यायचा असेल, तिच्या नावाने घ्यायचा असेल, तर हा एक कागद पुरतो. सगळं सोडून दिलं तर तो पुरावा नवऱ्याकडून आणावा लागतो. निदान एका गटात तरी नाव राहू द्या, असं म्हणूनच सांगावंसं वाटतं.

सासरकडचं नावही इथेच सांगतो. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. नवऱ्याने हयातीत बायकोचं नाव सातबारावर लावायचं. १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढून त्याला वाट करून दिली. आजही नवऱ्याच्या अर्जावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून फेरफाराने लागतं. फक्त लक्षात ठेवा, फेरफार म्हणजे मालकीचा दस्त नव्हे. पक्कं करायचं तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. शेतजमीन आणि राहतं घर नवरा-बायको, मुलगा-मुलगी यांना देताना मुद्रांकात मोठी सवलत आहे.

---

रानवाट

एक शेवटची शंका. नोटीस आलीच नाही आणि नोंद प्रमाणित झाली, असं फार जणी सांगतात. हे कसं होतं?

---

चावडीवाचन

पत्ता आणि नाव, या दोन जागी. प्रतिज्ञापत्रात बहिणीचा पत्ता माहेरचाच लिहिलेला असतो. नोटीस माहेरी जाते, घरातलं कोणीतरी घेतं, "नोटीस बजावली" असा शेरा पडतो. दुसरं, नाव. शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नात बदललेलं दुसरं, आधारवर तिसरं. कागद जुळत नाहीत म्हणून नाव "नंतर लावू" म्हणून बाजूला ठेवतात आणि तो नंतर येत नाही.

उपाय स्वतः करायचा. वडिलांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत हक्काची वर्दी द्यायची असते, ती भावानेच द्यावी असं नाही. बहीणही देऊ शकते. स्वतःच्या सहीचा एक अर्ज, त्यात "लग्नानंतरचं नाव अमुक, माहेरचं नाव तमुक, दोन्ही एकाच व्यक्तीची" असं, सासरचा पूर्ण पत्ता, मोबाइल नंबर, सोबत शाळेचा दाखला आणि लग्नाची नोंद किंवा राजपत्राची प्रत. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे देऊन पोचवर शिक्का घ्यायचा, तारखेसह. गावी जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टाने. तीन महिने उलटले तरी हक्क जात नाही, अर्ज तेव्हाही द्यावा.

"एकमेव वारस" असं खोटं प्रतिज्ञापत्र देऊन नोंद झालेली असेल तर नोंदीची माहिती मिळाल्यावर ६० दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जाताना सातबारा, ८अ, तो फेरफार आणि मृत्यूचा दाखला एवढे चार कागद सोबत असू द्या.